दोन चेंडूंमधला वेळ कोणाचा?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: रेडिओवर समालोचन ऐकताना मैदान डोळ्यांसमोर उभं राहायचं. आता चेंडूची शिवण फिरताना दिसते, यष्टीजवळची कुजबुज ऐकू येते, तरी समालोचन नकोसं होऊन आवाज बंद करावासा वाटतो. समालोचकांचा दर्जा घसरला, की हे प्रक्षेपण हक्कांच्या हजारो कोटींच्या व्यवहारांमुळे झालं?

मी क्रिकेटच्या प्रक्षेपणात बावीस वर्षं आहे. सुरुवात केबल ओढण्यापासून, मग ध्वनी, मग रीप्ले, आणि आता ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे मैदानाबाहेर उभ्या असलेल्या प्रक्षेपणाच्या गाडीत, दिग्दर्शकाच्या शेजारची खुर्ची. तिथे बसून जे दिसतं त्यावरून सांगतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर समालोचकाच्या गळ्यात नाही आणि कराराच्या रकमेतही नाही. दोन चेंडूंच्या मध्ये जो वेळ असतो तो कोणाच्या मालकीचा, एवढं पाहिलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

आधी साधा हिशोब. गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटल्यापासून तो ‘डेड’ झाला, म्हणजे त्यावरचा खेळ संपला, असं म्हणेपर्यंत सरासरी पाच-सहा सेकंद जातात. टी-ट्वेंटीत दोन्ही डावांचे मिळून २४० चेंडू. म्हणजे खरा खेळ २४ मिनिटांच्या आसपास. सामना चालतो साडेतीन तासांच्या वर. उरलेले तीन तास गोलंदाज चालत परत जातो, फलंदाज ग्लोव्हज सारखे करतो, कर्णधार हात हलवून क्षेत्ररक्षकाला दोन पावलं मागे ढकलतो. समालोचन घडतं ते या तीन तासांत. जाहिरातीही याच तीन तासांत बसवायच्या असतात. भांडण तिथलंच आहे.

रेडिओवर हा वेळ पूर्णपणे समालोचकाचा होता. भारतात धावत्या समालोचनाची सुरुवात मानतात ती १९३४ची, मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावरच्या चौरंगी स्पर्धेतली. पारशी विरुद्ध मुस्लिम सामना, आणि माइकपुढे ए. एफ. एस. तल्यारखान. ऑल इंडिया रेडिओ हे नाव पडायला अजून दोन वर्षं होती. तल्यारखान दिवसभर एकटे बोलायचे, उपाहार आणि चहापानाच्या सुट्टीपुरते थांबायचे, आणि शेजारी दुसरा समालोचक बसवून घ्यायला तयार नसायचे. आज हा हट्ट वाटेल. पण त्यामागे एक जाण होती: ऐकणाऱ्याच्या मनात मैदान एकदा मांडलं की ते मांडणाऱ्यानेच सांभाळावं.

रेडिओत शांतता म्हणजे बिघाड. चार सेकंद आवाज आला नाही की माणूस उठून रेडिओला थापटी मारायचा. त्यामुळे समालोचकाला ती तीस-पस्तीस सेकंद भरावीच लागत, आणि भरायला हाताशी काय होतं, तर समोर दिसणारं मैदान. वारा कुठून येतोय, सावली खेळपट्टीपर्यंत पोहोचली का, थर्ड मॅन आहे की काढून घेतला, धावफलक काय सांगतो. आकाशवाणीवरून मराठीत बाळ ज. पंडित बोलायचे तेव्हा पायचीत, यष्टिचीत, निर्धाव षटक हे शब्द पाठ्यपुस्तकी वाटत नसत, कारण ते क्षेत्ररचनेच्या आणि हवेच्या वर्णनात मुरून येत. तुम्हाला मैदान दिसायचं, कारण सांगणाऱ्याला दुसरं काही सांगायचंच नव्हतं. त्याच्या मागे उभं राहून कोणी घड्याळ दाखवत नव्हतं.

दूरचित्रवाणी आली आणि हीच सवय अंगावर आली. रेडिओवरून आलेली मंडळी चित्रासमोर बसूनही ‘चेंडू कव्हरमधून सीमारेषेकडे’ असं सांगत राहिली, जे घरातल्या शाळकरी पोरालाही दिसत होतं. टीव्हीचं व्याकरण उलटं असतं. ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार आणि समालोचक रिची बेनो यांचा नियम आमच्या धंद्यात अजूनही सांगतात: चित्रात भर घालता येत नसेल तर बोलू नये. बेनो गप्प बसायचे आणि त्या गप्प बसण्याचं मानधन घ्यायचे, असं एक जुने ध्वनी अभियंता मला गमतीने म्हणायचे.

चित्राचं व्याकरण बदललं ते मात्र एका हक्काच्या भांडणातून, आणि हे फारसं कोणी लक्षात घेत नाही. ऑस्ट्रेलियात केरी पॅकरना आपल्या चॅनल नाइनसाठी क्रिकेटचे अनन्य हक्क हवे होते. तिथल्या मंडळाने ते नाकारले, म्हणून १९७७मध्ये त्यांनी खेळाडूच उचलून स्वतःची वर्ल्ड सीरिज उभी केली. रंगीत कपडे, प्रकाशझोतातले सामने हे सगळ्यांना आठवतं. आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती दोन्ही टोकांना लावलेले कॅमेरे. त्याआधी मुख्य कॅमेरा एकाच टोकाला असायचा, त्यामुळे एक षटक समोरून तर पुढचं षटक फलंदाजाची पाठ बघत काढावं लागे. पॅकरना क्रिकेट विकायचं होतं, म्हणून त्यांना ते नीट दाखवावं लागलं. पैशाने खेळ बिघडवला असं सरसकट म्हणणाऱ्यांना मी नेहमी हे उदाहरण देतो.

आता आपल्याकडचं. आजच्या तरुण सहकाऱ्यांना सांगितलं तर पटत नाही, पण एके काळी आपल्याकडे सामना दाखवण्यासाठी प्रक्षेपक पैसे देत नव्हता, मागत होता. १९९३च्या सुरुवातीला इंग्लंडचा संघ आला तेव्हा भारतीय मंडळाने हक्क टीडब्ल्यूआय या परदेशी कंपनीला विकले, आणि दूरदर्शनला आपल्याच देशातले सामने दाखवायला तिच्याकडे पैसे भरावे लागले. हा अपमान दिल्लीत कोणी विसरलं नसावं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंगालच्या क्रिकेट संघटनेने हिरो चषक भरवला आणि हक्क पुन्हा टीडब्ल्यूआयला दिले. दूरदर्शनचं म्हणणं: सामने दाखवतो, पण एका सामन्यामागे ५ लाख रुपये तुम्हीच आम्हाला द्या. टीडब्ल्यूआयचं आणलेलं सामान कस्टमने अडवलं. आधार कोणता, तर १८८५चा टेलिग्राफ कायदा. हवेतून संदेश पाठवण्याचा अधिकार फक्त सरकारचा.

ज्या स्पर्धेत सचिन तेंडुलकरने ईडनवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध उपांत्य सामन्याचं शेवटचं षटक टाकून सहा धावा वाचवल्या, ती हीच. लोकांना ते षटक आठवतं. आम्हाला आठवतो तो या भांडणावरचा ९ फेब्रुवारी १९९५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांनी सांगितलं की हवेतल्या प्रक्षेपणलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, आणि त्यांचं नियमन सार्वजनिक हितासाठी स्वतंत्र यंत्रणेने करावं. भारतातल्या क्रीडा प्रक्षेपणाचा सगळा बाजार या निकालाच्या पायावर उभा आहे. गंमत म्हणजे न्यायालयाने हवा जनतेची ठरवली, आणि पुढच्या काही वर्षांत त्या हवेतलं क्रिकेट जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याकडे गेलं. त्याची दुरुस्ती म्हणून २००७चा कायदा आला: राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट प्रक्षेपण, जाहिराती वगळून, दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यायचं आणि त्यावरच्या जाहिरातींचं उत्पन्न टीव्हीसाठी किमान ७५:२५, मोठा वाटा हक्कधारकाचा, आणि रेडिओसाठी ५०:५० असं वाटायचं. दूरदर्शनच्या फ्री डिशवर भारताचा सामना फुकट दिसतो तो यामुळे.

मग आयपीएल. २००८च्या जानेवारीत सोनी आणि वर्ल्ड स्पोर्ट ग्रुपने दहा वर्षांसाठी एक अब्ज डॉलरच्या वर रक्कम मोजली तेव्हा आम्हाला ती वेडेपणाची वाटली होती. २०१७मध्ये स्टारने पाच वर्षांसाठी १६,३४७.५ कोटी रुपये दिले. जून २०२२च्या ई-लिलावात २०२३ ते २०२७ साठी एकूण आकडा ४८,३९० कोटींवर गेला. त्यात भारतातली टीव्ही २३,५७५ कोटींना डिस्ने स्टारकडे आणि भारतातली डिजिटल बाजू २०,५०० कोटींना व्हायकॉम१८कडे. लिलावात पाच वर्षांचे ४१० सामने धरले होते. म्हणजे एका सामन्याला टीव्हीचे साडेसत्तावन्न कोटी आणि डिजिटलचे ५० कोटी. एकूण १०७.५ कोटींना २४० चेंडूंनी भागा. एका चेंडूला साधारण ४५ लाख रुपये पडतात. १९९३ मध्ये अख्खा सामना दाखवायचे ५ लाख मागितले गेले होते, तेही उलट्या दिशेने.

हे ४५ लाख त्या सहा सेकंदांतून वसूल होत नाहीत. चेंडू चालू असताना जाहिरात दाखवता येत नाही. वसुली होते उरलेल्या वेळातून. म्हणून रक्कम वाढली की दोन चेंडूंमधल्या प्रत्येक सेकंदाला भाव येतो, आणि तो वेळ समालोचकाच्या हातातून सुटत जातो.

एक षटक संपताना गाडीत काय चालतं ते सांगतो. पाचवा चेंडू झाला की दिग्दर्शकाची सहायक टॉकबॅकवर, म्हणजे आमच्या आतल्या बोलण्याच्या लाइनवर, सांगते, ‘एक चेंडू, मग ब्रेक.’ समालोचकाच्या कानातल्या ईयरपीसमध्ये ते पोहोचतं. तो त्या वेळी गोलंदाजाने मनगट कसं बदललं हे सांगायला निघालेला असतो. शेवटचा चेंडू पडतो, एक धाव. दिग्दर्शक एक रीप्ले घेतो. सहायक मोजायला लागते: पाच, चार, तीन. समालोचक वाक्य अर्धं गिळतो, धावसंख्या सांगतो, आणि शून्यावर पडद्यावर पंख्याची जाहिरात. परत येतो तेव्हा गोलंदाज धावायला निघालेला असतो. मनगटाची गोष्ट गेली ती गेली. आता पुढच्या वेळी त्याने काय करावं? तो शहाणा असेल तर लांबचा विचार सुरूच करत नाही. कधीही तोडता येईल असं बोलतो. ‘काय फटका आहे!’ हे कुठेही तोडता येतं. तुम्हाला आरडाओरडा वाटतो तो पुष्कळदा या हिशोबातून येतो.

जिथे षटकांमधला वेळ पुरला नाही तिथे नियमात वेळ शोधला गेला. आयपीएलमध्ये २००९ साली प्रत्येक डावात साडेसात मिनिटांची ‘स्ट्रॅटेजिक’ विश्रांती आणली. डावाची लयच तुटते अशी टीका झाल्यावर तिचे अडीच-अडीच मिनिटांचे दोन तुकडे केले, ते आजही आहेत. नावात व्यूहरचना आहे. पाणी, टॉवेल आणि प्रशिक्षकाचा फळा यांच्या आजूबाजूला काय दाखवलं जातं ते तुम्ही पाहताच. दुसरीकडे आयसीसीने मर्यादित षटकांच्या सामन्यांत दोन षटकांमध्ये ६० सेकंदांचं घड्याळ लावलं, २०२३च्या अखेरीस प्रयोग म्हणून आणि २०२४ पासून कायमचं. एका हाताने वेळ वाचवायचा, दुसऱ्याने विकायचा. मला त्यात विसंगती दिसत नाही. रेंगाळणारा वेळ विकता येत नाही, ठरलेला येतो.

यापुढची पायरी म्हणजे वेळच काय, शब्दच विकणं. सुरुवातीच्या आयपीएलमध्ये षटकाराला षटकार म्हणायची सोय नव्हती, ‘डीएलएफ मॅक्सिमम’ म्हणावं लागे. झेल ‘कार्बन कमाल कॅच’ होत. ती गोष्ट हास्यास्पद झाली आणि बरीचशी मागे पडली, पण प्रायोजकाची ओळ वाचण्याची चिठ्ठी आजही समालोचकाच्या समोर असते, षटकाच्या आकड्यासकट. चांगला समालोचक ती पटकन आणि सपाट वाचतो. वाईट समालोचक तिच्यात भाव ओततो. माणूस किती काळ टिकेल हे मी यावरून ओळखतो, आणि दुर्दैवाने भाव ओतणारा जास्त टिकतो.

मंडळ, हक्कधारक आणि समालोचक यांच्यातल्या नोकरीच्या नात्याबद्दलही लोक विचारतात. आपल्याकडे घरच्या मालिकांचं चित्रण अनेक वर्षं मंडळानेच करवून घेतलं आणि समालोचकांचे करारही मंडळाशी असत. ज्याच्या संघाबद्दल बोलायचं त्याच्याच पगारावर असलेला माणूस निवड समितीबद्दल किती मोकळेपणाने बोलेल, याचं उत्तर तुम्हीच द्या. २०१६मध्ये आयपीएल सुरू व्हायच्या तोंडावर हर्षा भोगले यादीतून वगळले गेले आणि कारण जाहीर झालं नाही. कारणापेक्षा त्या न-सांगण्याचा परिणाम मोठा असतो. त्यानंतर खोलीत बसलेला प्रत्येकजण वाक्य तोंडात एकदा घोळवून मग बोलतो.

आता मराठीकडे येतो, कारण इथे मला मनापासून आनंदही झाला आणि चुटपुटही लागली. २०२३मध्ये व्हायकॉम१८च्या जिओसिनेमाने आयपीएल फुकट आणि बारा भाषांत दाखवलं, त्यात मराठी होती. भोजपुरीने सगळ्यात जास्त धमाल उडवून दिली हे मान्य, पण आपल्याकडेही धवल कुलकर्णी, किरण मोरे, केदार जाधव अशी खेळलेली माणसं बसली होती. केदार तर समालोचन करता करता उठून बंगळुरूच्या संघात गेला. जखमी डेव्हिड विलीच्या जागी त्याला मे महिन्यात बोलावलं. समालोचनाच्या खोलीतून थेट ड्रेसिंगरूममध्ये, असा प्रवास मी दुसरा पाहिलेला नाही.

चुटपुट अशी की प्रादेशिक भाषांचं समालोचन बहुतेक वेळा मैदानावरून होत नाही. आमच्या भाषेत त्याला ‘ऑफ ट्यूब’ म्हणतात. मुंबईतल्या स्टुडिओत बंद खोली, समोर मॉनिटर, कानात मैदानाचा आवाज. दिग्दर्शक जे दाखवेल तेवढंच समालोचकाला दिसतं. डीप स्क्वेअर लेगला कोण उभा आहे हे त्यालाही तुमच्याइतकंच ठाऊक. फलंदाज मान वळवून रिकामी जागा हेरतोय आणि तेव्हाच दिग्दर्शकाने प्रेक्षकांतलं बाळ दाखवलं, तर तो बाळाबद्दल बोलणार. रेडिओच्या समालोचकाला अख्खं मैदान दिसायचं आणि तुम्हाला काहीच दिसायचं नाही. आजच्या मराठी समालोचकाला आणि तुम्हाला एकच चौकट दिसते. तुम्ही त्याच्याकडून मैदानाची अपेक्षा करता, आणि मैदान त्याच्याकडे नाहीच. एक जास्तीचा स्थिर कॅमेरा, ज्यात सगळं मैदान येतं, त्याचं चित्र या खोल्यांत कायम सुरू ठेवावं असं मी अनेक बैठकांत सांगितलं आहे. खर्च किरकोळ आहे. काही ठिकाणी ऐकलं जातं, काही ठिकाणी नाही.

कबड्डीचं एक वाक्य टाकून पुढे जातो, नाहीतर विषय वाढेल. प्रो कबड्डी २०१४मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी स्टारने लीग चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्समध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला; तिथे प्रक्षेपक नुसता हक्क विकत घेणारा नाही, खेळच त्याच्या घरचा आहे. तीस सेकंदांची चढाई पडद्याच्या घड्याळाला इतकी चपखल बसते की क्रिकेटवाल्यांना हेवा वाटावा. 

आणि पुढे काय? नोव्हेंबर २०२४मध्ये डिस्ने स्टार आणि व्हायकॉम१८ एकत्र झाले. म्हणजे २०२२च्या लिलावात टीव्ही आणि डिजिटलच्या बोली ज्या दोघांनी जिंकल्या ते आज एकाच घरात आहेत. ऑगस्ट २०२५मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली आणि क्रिकेटच्या जाहिरातींतला एक गब्बर गट एका फटक्यात नाहीसा झाला. आयपीएलचे सध्याचे हक्क २०२७ला संपतात. त्यानंतरच्या लिलावात आकडा पुन्हा तिप्पट होईल असं मला वाटत नाही, आणि झाला नाही तर मला दुःखही होणार नाही. मात्र रक्कम थांबली म्हणून मधला वेळ समालोचकाला परत मिळेल, असं समजू नका. एकदा विकायला काढलेली जागा मालक परत अंगण म्हणून ठेवत नाही. फोनवर तर चित्राच्या खाली, बाजूला, वर अशा जागा आणखी निघाल्या आहेत.

तुम्हाला आवाज बंद करावासा वाटतो, याबद्दल एक घडलेली गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका देशांतर्गत सामन्यात समालोचनाची लाइन गेली. मी तेव्हा ध्वनीच्या टेबलावर होतो. कोणता जोड सुटला ते सापडेना. दिग्दर्शक म्हणाला, मैदानाचा आवाज वाढव आणि चालू दे. मी स्टम्प माइक उघडला, सीमारेषेवरचे दोन माइक वर घेतले. अकरा मिनिटं नुसतं मैदान गेलं: बुटांचे खिळे, यष्टिरक्षकाच्या टाळ्या, ‘शाबास, शाबास, अजून एक,’ बॅटचा टणत्कार, लांबून कुत्रं. गाडीत सगळे घामाघूम. जोड सापडला, समालोचक परत आले, आणि मी तक्रारींची वाट बघत फोनकडे पाहत बसलो. संध्याकाळपर्यंत एकच फोन आला. प्रायोजकाच्या माणसाचा. त्या अकरा मिनिटांत त्याच्या दोन ओळी वाचायच्या राहिल्या होत्या.